साडेसत्तावीस

बशीरभाई आत्तार आधी चाकाला हात लावत नाहीत.
आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात,
मग बुटांकडे, मग विचारतात, "उंची?"
पाच फूट एक.
"मग एकोणतीसचं नाव कोणी काढलं?"

ओजसने. ओजस कुदळे, सहा फूट दोन,
घरातल्या पंख्यालाही वाकून जाणारा.
त्याच्या मते सव्वीसची चाकं आता
गच्चीत टांगायची, त्यावर कारल्याचा वेल सोडायचा.
टायर मिळत नाहीत, ट्यूबा मिळत नाहीत,
हट्ट तेवढा मिळतो.

रास्ता पेठेतल्या या दुकानात
सीटची उंची सेंटीमीटरमध्ये, हवा पौंडात,
आणि चाक अजून इंचात.
सव्वीस. साडेसत्तावीस. एकोणतीस.
मधला आकडा ऐकला की बशीरभाई
डोळे मिटून अडीचकी म्हणतात:
दहा अडीच पंचवीस,
अकरा अडीच साडेसत्तावीस.
"आमच्या वेळी छडी होती. विसरणार कसं?"

शनिवारी पहाटे वेताळ टेकडी, खाणीच्या वरची पायवाट.
माझी सव्वीस, ओजसची एकोणतीस,
आणि बशीरभाईंनी उसनी दिलेली तिसरी,
जिच्या दांड्यावर खडूने कुणा गिऱ्हाइकाचं नाव.

सव्वीस प्रत्येक दगडाशी बोलते.
गिरिपुष्पाच्या मुळाशी, सुट्या मुरमाशी,
कुणी फेकलेल्या नारळाच्या करवंटीशी.
मनगटाला सगळं कळतं, नको तेही.
पण वळणावर
जिन्यात वळणाऱ्या मांजरासारखी वळते.

एकोणतीस बोलत नाही.
ती अशी चढून जाते की दगडाला
आपण दगड आहोत का, अशी शंका यावी.
वेग धरला की सोडत नाही.
वळायचं तर आधी अर्ज करावा लागतो,
आणि उभ्या उतारावर मी मागे सरकले
की टायर थेट पार्श्वभागाची चौकशी करतो.
ओजसला हे सांगून उपयोग नाही.
त्याचे पाय लांब आहेत.

एप्रिलातही कानटोपी घातलेले एक आजोबा थांबले:
"टेकडी चालण्यासाठी आहे."
"आजोबा, ही पण चालतेच आहे."
"मग घंटी लावा."

गेल्या डिसेंबरात ज्या दगडाने
माझं डावं मनगट मोडलं
(एक पट्टी, सहा स्क्रू),
तो पुढच्याच उतारावर, बाभळीच्या अलीकडे.
चार महिने मी तो झोपेत टाळतेय.
एकोणतीसवरून खाली आले, ब्रेक दाबले,
विचारलं, तो दगड कुठे राहिला?
"गेला की मघाशीच," ओजस म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता.

सायकल त्याच्या हातात दिली
आणि पायी परत वर गेले, बूट घसरत.
दगड तिथेच होता.
डोक्यावर टायरचा ताजा ठसा,
ओळख न दाखवता गेलेल्या माणसाचा.
खिशातून शिंप्याची टेप काढली.
सव्वासहा इंच.
एवढाच.
मी मनात तो गुडघ्याएवढा वाढवला होता.

मग तिसरी घेतली.
पहिल्यांदा बाजूने निघाले.
दुसऱ्यांदा पाय टेकला,
वरून कानटोपी बघत होती.
पुढच्या वेळी दगड कळला,
हातातून खांद्यापर्यंत नीट कळला,
आणि मागे राहिला.

दुपारी दुकानात ओजसचा नवा हेका:
पुढे एकोणतीस, मागे साडेसत्तावीस.
"म्हणजे उलटा ट्रॅक्टर," बशीरभाई म्हणाले,
आणि माझ्याकडे वळून, "तुमचं काय ठरलं?"
मी दांड्यावरचं खडूचं नाव
अंगठ्याने पुसायला घेतलं.
"अहो, त्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"
पण हसत होते. अडीचकी पुढे सरकली होती:
बारा अडीच तीस...

"तीसचं अजून निघालेलं नाही," मी म्हटलं.

"निघेल," ते म्हणाले,
पंधराचा पाना शोधत.